उभ्याने ओढलेली दोरी

पिशवीची चेन अर्धी उघडली तेव्हाच चंद्रप्रकाशने शीड ओळखलं. तांबूस कापड, आणि कोपऱ्याच्या ठिगळावर तिहेरी शिवण. बाकीचे कारागीर तिथे दोन ओळींवर भागवायचे. तिसरी ओळ घालायचा हट्ट आख्ख्या मरोळमध्ये एकाच माणसाचा होता, आणि त्यावरून कारखान्यात त्याची पुष्कळ थट्टाही झालेली होती.

पिशवी आणणारी मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. तिने सगळं शीड कटिंगच्या टेबलावर उपडं केलं आणि घडीवर जरा बुरशी आहे म्हणून माफीही मागितली. रुचिरा परुळेकर, नाहूरला राहते. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये त्यांची एक चौदा फुटी शिडाची होडी आहे, ट्रेलरवर चढवून गाडीच्या मागे लावून कुठेही नेता येते अशी. नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती, आता तिला पुन्हा पाण्यात उतरवायची आहे. नवी शिडं हवीत. दोऱ्या, पुल्या, कड्या, सगळंच नवं हवं. तिने दोन वर्षं होडी चालवायला शिकून घेतलंय, पण सामान निवडण्यातलं तिला फार कळत नाही.

‘होडी माझ्या दादाची होती,’ ती म्हणाली. ‘नितेश. हे शीड तुम्हीच शिवलं होतंत ना, काका? पिशवीत तुमचं कार्ड मिळालं.’

चंद्रप्रकाश हो म्हणाला. आवाज त्यातल्या त्यात बरा निघाला. मग त्याने तिला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि टेपने शिडाची मापं घ्यायला सुरुवात केली. ती मापं त्याला तोंडपाठ होती. तरी त्याने ती दोनदा घेतली, कारण तेवढा वेळ मान खाली ठेवता येत होती.

चंद्रप्रकाश इंगळे मूळचा बुलढाण्याकडचा. अठराव्या वर्षी घाटकोपरला मामाकडे आला आणि मामाने त्याला भाऊरावांच्या ताडपत्रीच्या कारखान्यात चिकटवून दिलं. सोळा वर्षं त्याने ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, आणि नुसत्या शिवल्या नाहीत, ट्रकवर चढून बांधूनही दिल्या. त्या धंद्यात एकच पाप असतं, दोरी सुटण्याचं. घाटात दोरी सुटली, माल भिजला, की ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दारात येऊन आई-बहिणीचा उद्धार करतो. चंद्रप्रकाशची दोरी कधी सुटली नाही. भाऊराव गिऱ्हाइकांना सांगायचे, याने बांधलेलं सोडवायला यालाच बोलवावं लागतं.

पुढे कुणीतरी एक फाटकं शीड दुरुस्तीला आणलं. ते चंद्रप्रकाशने असं काही जुळवून दिलं की मग शिडंच यायला लागली. पुस्तकं बघून, जुनी शिडं उसवून, त्यांच्या कापाची नक्कल करून तो शिकला. हाताला जादू होती, यात वाद नाही. पण एक गोष्ट त्याने कुणाला फारशी सांगितली नव्हती. इतकी शिडं शिवली, पण तो जन्मात कधी होडीत बसला नव्हता. पोहता येत नव्हतं. गोराईच्या गिऱ्हाइकाकडे जायचं झालं तरी समोरची फेरीबोट सोडून हा माणूस भाईंदरवरून बसने वळसा घालून जायचा. वारा म्हणजे काय, ते त्याला कारखान्यातल्या पंख्यावरून माहीत.

नितेश तेव्हा बावीस वर्षांचा होता. मोटारसायकलवरून यायचा, याच स्टुलावर बसायचा आणि चंद्रप्रकाशच्या डब्यातला ठेचा खाऊन नाक पुसत बसायचा. शीड झाल्यावर एकदा तो होडी ट्रेलरवर घालून थेट कारखान्याच्या अंगणात घेऊन आला. तक्रार एवढीच होती की मोठ्या शिडाची दोरी सतत हातात धरून हात भरून येतो. जरा मोठी पुली बसवून द्या, म्हणजे ओढ कमी लागेल. एवढं सांगून तो कुणा मित्राकडे गेला.

चंद्रप्रकाशने पुली बसवली. आणि मग, कुणी न सांगता, त्याने एक क्लीटही बसवलं. दोन दातेरी चाकं शेजारी शेजारी असतात. मधून दोरी ओढली की चाकं ती दातात धरून ठेवतात, सोडायची झाली की वरच्या बाजूला झटका द्यायचा. चांगलं पोलादी, कडक स्प्रिंगचं क्लीट कपाटात पडून होतं. पोराचा हात दुखतो, दोरी धरायला हे बरं, एवढाच विचार. बसवून झाल्यावर तो ट्रेलरवरच्या होडीत चढला आणि ट्रकवर उभं राहायची सवय असल्यामुळे तिथेही उभाच राहिला. उभ्याने दोरी ओढून पाहिली, झटका देऊन सोडवून पाहिली. दोन्ही झकास. नितेश परत आला तेव्हा त्याने क्लीट पाहून चंद्रप्रकाशच्या पाठीवर थाप मारली होती.

तीन आठवड्यांनी गोराईचा मिथुन आपल्या होडीचं छप्पर शिवायला घेऊन आला आणि बोलता बोलता त्याने सांगितलं. खाडीच्या तोंडाशी एक शिडाची होडी उलटली, नाहूरचा पोरगा गेला. होडी सरळ करायला मिथुन आणि त्याच्या गावचेच लोक गेले होते. पोरगा शिडाखाली सापडला. अंगात तरंगायचं जॅकेट होतं, त्यानेच त्याला वर शिडाला दाबून धरलं. शिडाची दोरी लोखंडाच्या दातात अशी अडकली होती की शेवटी कोयत्याने कापावी लागली. बाप किनाऱ्यावर उभा होता, तो एवढंच म्हणाला, दोरी बांधायची नाही असं शिकवलं होतं याला, तरी याने बांधली.

चंद्रप्रकाशच्या हातात तेव्हा कात्री होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उचलली नाही. शिडाच्या होडीत माणूस उभा राहत नाही, काठावर बसतो, हे त्याला मिथुनला विचारून त्या दिवशी कळलं. बसून ओढली की दोरी तिरकी खाली येते आणि दातांत जास्तच रुतते, हे विचारावं लागलं नाही. ते त्याच्या हातांना आपोआप कळलं.

पोलिसांनी अपघात लिहिला. चंद्रप्रकाशकडे कुणी आलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घरातली शिकवणच तशी होती. म्हणून तर पंचाईत झाली. भूत मानणाऱ्याला निदान उतारा टाकता येतो. याला तीही सोय नव्हती. शिवून झालेलं शीड तपासायला तो आढ्याला टांगायचा आणि पंखा लावायचा. कापड फुगलं की त्याच्या मागे कुणीतरी बसलंय असं वाटायचं. एकदा भर दुपारी, चार कारागिरांच्या देखत, त्याने कापडाची कड उचलून मागे पाहिलं होतं. काय पडलं, असं कुणीतरी विचारलं, तर सुई पडली म्हणाला. फुगलेल्या कापडाचा जो एक फडफड आवाज असतो, तो ऐकला की त्याचे खांदे आपोआप वर यायचे. पण कामच त्या आवाजाचं होतं. रोज यायचा आवाज, रोज खांदे वर.

घरी वेगळीच तऱ्हा. ज्याची दोरी कधी सुटायची नाही, तो माणूस आता एकही गाठ पक्की मारेना. पिशवी असो, पडदा असो, सगळीकडे ओढलं की सुटणारी फासगाठ. त्याची बायको शकु हिचे धुतलेले कपडे वर्षातून दहादा गच्चीवरच्या दोरीसकट खाली यायचे आणि ती चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कारागिरीचं कौतुक करायची. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला त्याची जीभ जड व्हायची. खोटं बोलणार नाही, हे ते शील. आपण कुठे खोटं बोललो, तो स्वतःला विचारायचा. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. हा युक्तिवाद तो नऊ वर्षं स्वतःशी करत होता आणि नऊ वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. दोन वेळा तो नाहूर स्टेशनला उतरलाही होता. पुलावर उभा राहिला, आणि समोरच्या फलाटावरून परत आला.

आणि आता ती बहीण स्टुलावर बसून चहा पीत होती.

काय काय घ्यायचं ते त्याने तिला सांगायला घेतलं. बोलण्याचा विषय कामाचा असला की त्याला बरं वाटायचं. मोठं शीड पूर्वीपेक्षा लहान कापू, तो म्हणाला. पहिलं जरा जास्तच भरीव झालं होतं. त्यावर खालून दोन ओळी दोऱ्यांच्या लावू, म्हणजे वारा चढला की शीड खालून गुंडाळून आणखी लहान करता येईल. कापड जाड डेक्रॉनचं. रंग मात्र तांबूस नको, भगभगीत नारिंगी घ्या, लांबून दिसतं. शिडाला खिडकी हवी, पारदर्शक, म्हणजे पलीकडचं दिसतं. कड्या सगळ्या पोलादी. स्वस्तातल्या पितळी खाऱ्या पाण्याला टिकत नाहीत. डोलकाठीच्या टोकाला एक हवेचा फुगा शिवून देतो, होडी आडवी झाली तर पुरी उलटत नाही. हा फुगा तिने मागितला नव्हता. तिने कागदावर सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली की दादाच्या वेळी हे असतं तर.

त्याने शिडाची घडी घालायला घेतली.

‘आणि एक,’ रुचिरा म्हणाली. ‘बाबांची अट आहे. होडीवर दोरी बांधता येईल, अडकवता येईल असं काहीही ठेवायचं नाही. एक खुंटीसुद्धा नको. आता जे आहे ते सगळं काढून टाकायचं, ते पण त्यांच्यासमोर. तरच होडी बाहेर काढू देतील.’

‘का?’ त्याने विचारलं. का ते माहीत असताना विचारलं.

‘दादाने दोरी बांधून ठेवली होती. शिकवलं होतं त्याला, दोरी हातात धरायची. वारा अंगावर आला की सोडायची, शीड रिकामं होतं, होडी सावरते. याने आळस केला. बाबा म्हणतात, स्वतःच्या हाताने मेला.’ ती कपाकडे बघत बोलत होती. ‘नऊ वर्षं हेच. त्याच्या वाढदिवसाला पण हेच. आई उठून आत जाते. बाबा वाईट नाहीयेत, काका. पण त्याला माफच करत नाहीत ना.’

ती गेल्यावर चंद्रप्रकाश टेबलापाशी उभा राहिला. आपल्यापायी पोराचा जीव गेला, हे ओझं तो इतकी वर्षं वाहत होता. किनाऱ्यावरचं बापाचं ते वाक्य त्या दिवसापुरतं असेल असं त्याने धरलं होतं; ते त्या घरात नऊ वर्षं बोललं जातंय, ओझ्यावर असा आणखी एक थर आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पोरगा मेला तो मेला, वर बापाच्या नजरेत आळशी ठरला. आणि जिची त्याला सगळ्यात भीती होती ती वस्तू, ते क्लीट, आता बाप स्वतःच त्याला काढून फेकायला सांगत होता. दोन स्क्रू. पिशवीत टाकायचं, घरी जाताना कचऱ्यात. मग या जगात कुणालाच कधी काही कळणार नाही. त्या विचाराने त्याला क्षणभर एवढं हलकं वाटलं की स्वतःचीच किळस आली.

रविवारी सकाळी होडीच्या कामाला नाहूरला निघायच्या आधी त्याने शकुला सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. पोलीस केस होईल का, एवढं तिने विचारलं. माहीत नाही म्हणाला. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती उलटली, आणि मग तिच्या तोंडून गावाकडची बोली आली, जी ती रागात किंवा फार मायेत असली की यायची.

‘मले कायले सांगता? ज्याले सांगा लागते त्याले सांगा ना.’

मग तिने त्याचा डबा भरला आणि हत्यारांच्या पिशवीत स्वतः ठेवला.

होडी सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला, भिंतीलगत होती. रुचिराने ताडपत्री काढून, धुऊन, डोलकाठी उभी केली होती. चंद्रप्रकाशने सोबत आणलेलं जुनं शीडही तिने वर चढवलं, म्हणजे नवं कुठे आखूड घ्यायचं ते बघता येईल. अनिरुद्ध परुळेकर शेजारी उभे होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, मोजकं बोलणारा माणूस. वडील गिरणीत होते, आपण कोकणातले असून आपल्या घरात कुणी समुद्राला हात लावला नव्हता, मुलालाच ते वेड कुठून लागलं कळत नाही, असं ते चंद्रप्रकाशला सांगत होते. मुलगा म्हणताना त्यांचा आवाज सरळच राहिला. मग त्यांनी बोटाने क्लीट दाखवलं.

‘मास्टर, पहिलं हे काढा. हे त्यानेच कुठून तरी आणून बसवलं होतं.’

चंद्रप्रकाश वाकला. स्क्रूड्रायव्हर लावला. पहिला स्क्रू गंजलेला असूनही निमूट फिरला आणि बाहेर आला. दुसऱ्याला त्याने अर्धा वेढा दिला. डोक्यावर शिडाचं कापड एकदा फडफडलं आणि त्याचे खांदे वर आले. पोलादाचे दात त्याच्या नाकासमोर होते. दोन दातांच्या फटीत पांढऱ्या दोरीचे चार धागे अजून चिकटलेले होते, कापल्यावर राहिलेले.

त्याने दुसरा स्क्रू पुन्हा घट्ट केला. पहिलाही जागेवर बसवला, फिरवून पक्का केला. मग सरळ उभा राहिला.

‘साहेब, हे त्याने नाही आणलं,’ तो म्हणाला. ‘हे मी लावलं.’

परुळेकरांना आधी अर्थच लागला नाही. ते म्हणाले, हो, बसवून तुम्हीच दिलं असेल, पण मागितलं त्याने असेल ना. चंद्रप्रकाशने सांगितलं, नाही. त्याने मोठी पुली मागितली होती. हे मी माझ्या मनाने लावलं, तो तिथे नसताना. त्याचा हात दुखत होता म्हणून. परुळेकरांनी शर्टाची बाही सरळ केली. मग, ऑफिसात एखादी फाइल मिटवावी तसे, म्हणाले की असेल, पण दोरी त्यात अडकवून बसणारा तर तोच. ज्याला सोडायची होती त्याने सोडली असती.

‘सुटत नव्हती,’ चंद्रप्रकाश म्हणाला.

रुचिराच्या हातात शिडाची आडवी काठी होती. ती तशीच उभी राहिली.

चंद्रप्रकाशने पिशवीतून नवी दोरी काढली, पुलीतून ओवली, क्लीटच्या दातांतून पुढे आणली. दोरी ओवायचं काम हातांनी त्याला न विचारता केलं. त्याने रुचिराला सांगितलं, ताई, काठीवर अंग टाका, वारा समजा. तिने अंग टाकलं. दोरी ताणली. मग तो होडीत चढला, उभा राहिला आणि वरून झटका दिला. टक्क करून दोरी सुटली.

‘मी अशी बघितली होती,’ तो म्हणाला. ‘उभा राहून. मी ट्रकचा माणूस, साहेब. होडीत बसतात हे मला माहीत नव्हतं. आता तुम्ही बसून बघा. तो बसायचा तिथे, काठावर.’

परुळेकर नको म्हणतील असं त्याला वाटलं होतं. आपल्या थोबाडीत मारतील, वॉचमनला बोलावतील, हेही वाटलं होतं. त्यांनी चप्पल काढली. ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन, मुलीचा हात न घेता, ते होडीत चढले आणि काठावर बसले. चंद्रप्रकाशने दोरी पुन्हा दातांतून ओढून दिली आणि टोक त्यांच्या हातात ठेवलं. रुचिराने काठीवर सगळा भार घातला.

त्यांनी ओढली. दोरी रुतली. त्यांनी झटका दिला, ती आणखी रुतली. चंद्रप्रकाश म्हणाला, वर उचलायची असते, पण बसून हात तेवढा वर जात नाही, त्यातून होडी कललेली. परुळेकरांनी हात वर नेऊन पाहिला. अंग पुढे झोकून पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून पाहिलं, पाय समोर टेकून, दात आवळून. त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय चाललंय म्हणून डोकावलं आणि आत गेलं.

‘बाबा, पुरे,’ रुचिरा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण काठीवरचं अंग तिने उचललं नाही.

ते थांबले नाहीत. कितीतरी वेळ ओढत होते. शेवटी दोरी हातातून घसरली तेव्हा त्यांनी उजवा तळवा उलटा करून डोळ्यांसमोर धरला. बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली होती.

‘त्याची बोटं अशीच होती,’ ते म्हणाले. ‘इथे, अशीच. सोललेली. इस्पितळात मी बघितली. मला वाटलं, माशांनी खाल्ली.’

चंद्रप्रकाशला वाटत होतं की आपण आता रडावं, म्हणजे निदान काहीतरी होईल. पण त्याला रडूही येत नव्हतं. माफी मागायचे शब्द त्याने वाटेत जुळवले होते. ते त्याने म्हटले, आणि म्हणताना ते किती तोकडे आहेत हे त्यालाच कळलं. परुळेकरांनी ऐकले की नाही कुणास ठाऊक. ते दोरीकडे बघत होते.

‘कुठे राहता तुम्ही?’ त्यांनी मध्येच विचारलं.

‘घाटकोपरला.’

‘घाटकोपर.’ त्यांनी मान हलवली. ‘चार स्टेशनं.’

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. चंद्रप्रकाश खाली मान घालून हो म्हणाला. चार स्टेशनं, आणि नऊ वर्षं. या माणसाने नऊ वर्षं आपल्या मेलेल्या पोराला शिव्या दिल्या, आणि त्या थांबवणारं एक वाक्य घाटकोपरच्या एका खोलीत नुसतं पडून होतं.

परुळेकर होडीतून उतरले. चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, तेव्हा त्यांनी चंद्रप्रकाशच्या खांद्याचा आधार घेतला आणि लगेच हात काढून घेतला.

‘वर चला,’ ते म्हणाले. ‘हिच्या आईला सांगायचं आहे.’

‘मी सांगू?’

‘तुम्ही फक्त या.’

तिघं लिफ्टमध्ये शिरले. रुचिरा बापाच्या हाताकडे बघत होती, आणि बाप बंद दाराकडे. तिसऱ्या मजल्यावर उतरल्यावर परुळेकरांनी बेल वाजवली नाही. स्वतःच्या घराचं दार त्यांनी हलकेच ठोठावलं, परक्या घरी आल्यासारखं.

दार त्यांच्या बायकोने, शुभाने उघडलं. हाताला पीठ होतं. तिने आधी नवऱ्याची बोटं पाहिली, मग मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पाहिलं, आणि काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडलं. सकाळपासून शुद्ध, सावकाश बोलणारे परुळेकर एकदम गावच्या बोलीत आले.

‘शुभा, तेणां दोरी बांधूक नाय गो.’

पिठाचा हात तिने दाराच्या चौकटीवर ठेवला. आत कुकरची शिटी झाली, ती तिला ऐकू आलीसं वाटलं नाही.

‘परत सांगा,’ ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. ती बाजूला झाली नाही, रडलीही नाही. फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ते तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगायला लागले. चंद्रप्रकाशने दाराबाहेर चपला काढल्या होत्या. आत जायचं की परतायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हत्यारांची पिशवी पोटाशी धरून तो त्या थंड फरशीवर अनवाणी उभा राहिला.